मुठेल आणि जपानचा दाखला

हौसाबाईच्या घरात सरकारी लस तीनदा आली आणि तीनदाही वाया गेली. पहिल्या दोन वेळा तिचा भाचा गुरुदास लहान होता. देवी टोचणाऱ्याने ओसरीवर त्याचा दंड ओरखडायचा आणि तो माणूस बेड्याबाहेर, म्हणजे कुंपणाच्या फाटकाबाहेर, पडतो न पडतो तोच हौसाबाईने मुठेल पातळ करून त्यावर चोळायचं. मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. भेग, भाजणं, ओरखडा, आमच्या वाडीत सगळ्यावर तेच. पोराची आग थांबायची, आणि लसही.

तिसरी वेळ अठ्ठावन्न सालच्या एप्रिलातली. गुरुदास आता तिशीचा, मुंबईत एका तालमीत मालिशवाला. मे महिन्यात टोकियोला आशियाई देशांचे खेळ भरायचे होते आणि पैलवानांचं अंग रगडायला त्याची निवड झाली होती. तो निरोप घ्यायला घरी आला आणि पाठोपाठ तालमीचं पत्र आलं. ते हौसाबाईला मी वाचून दाखवलं. शेजारी राहण्याचा तोटा म्हणजे लोकांची पत्रं वाचावी लागतात, फायदाही तोच. अट एकच होती, देवी टोचल्याचा पिवळा दाखला. जुना वण असेल तर नव्याने टोचून लगेच मिळेल. नसेल तर टोचल्यावर आठव्या दिवशी फोड उठलेला डॉक्टरने पाहायला हवा. दहा मेपर्यंत दाखला नसेल तर दुसरा माणूस जाईल.

गुरुदासच्या दोन्ही दंडांवर वण सोडा, तीळसुद्धा नव्हता.

आमच्या भागात टोचण्याचं काम गणपतकडे होतं. तो दिसला की बायका पोरांना माडांमागे लपवत. त्यामुळे एक धडधाकट माणूस आपणहून दंड पुढे करतोय याचंच त्याला अप्रूप. बारा तारखेला त्याने टोचलं. वीसला येऊन पाहतो तर दंड गुळगुळीत.

“उन्हान लस मेली असतली,” गणपत म्हणाला.

कुंपणावरून मी मुठेलाची वाटी पाहिली होती. पण शेजारधर्म म्हणून गप्प राहिलो. मावशीचा हात गुरुदासलाही अडवता आला नव्हता. त्या संध्याकाळी मात्र तो आमच्या गोठ्यात येऊन बैलाची मान अर्धा तास चोळत बसला. मुंबईला जायचे दिवस धरले तर आता टोचण्याचा एकच फेरा उरला होता, हे त्याने बोटांवर मोजलेलं मी पाहिलं. शेजारधर्म तिथे संपला. दुसऱ्या दिवशी गणपत ताजी लस घेऊन आला, तेव्हा त्याला बेड्यापाशी गाठून मी तिन्ही वेळची हकीकत सांगितली.

गणपत ओसरीवर बसला, पाणी प्याला. “हौसामावशे, वाटी खंय आसा?”

“खंयची वाटी?”

“मुठेलाची.”

“झिलाचो दंड जळता तो मी नुसतो बघीत बसू? आणि जपानात येवढो रोग आसा, तर जाता कित्याक थंय?”

“रोग जपानात नाय गो. रोग हयसर आसा. आपण तो घेवन जाव म्हणान तेंका भय.”

हौसाबाई ताठ झाली. “आमी लोकांच्या घरात रोग नेतलंव?”

“पलीकडच्या गावात दोन पोरांका देवी आल्यात. थयसून बाजाराक कोण येता, कोणाक ठावक? आणि ह्येचो धंदो काय? एकाचा आंग चोळूचा, मगे त्याच हातान दुसऱ्याचा. थंय वीस देशांची माणसां एका जाग्यार जेवतली.”

हौसाबाईचा हात आपल्या गालावर गेला. तिचा चेहरा देवीच्या वणांनी भरलेला. तिला देवी आल्या त्याच साली तिची बहीण, गुरुदासची आई, त्याच रोगाने गेली. दोघींना न्हाऊ घालणारी बाई एकच होती, रोग एकीकडून दुसरीकडे गेला तो तिच्याच हातांनी.

गणपतने आवाज उतरवला. देवीच्या रोगाला आमच्याकडे बाई म्हणतात. “बाई घरात आसताना तू फोडणी घालतंस?”

“काय विचारतंस? नव दीस तेलाचो वास नाय, मासळी नाय.”

“मगे ही तीच बाई, इवलीशी. दंडार बसाक येता आणि तू तेल लावन तिका घालवतंस. तीन फेरे झाले.”

“चौथो वाया नको घालव गो,” गुरुदास खाली बघून म्हणाला.

हौसाबाई उठली. वाटी राखेने घासून पालथी घातली आणि दारावर कडुलिंबाचा टाळ खोवला. मग म्हणाली, “टोच.”

पुढचे नऊ दिवस तिने पाळले आणि आम्हालाही पाळायला लावले. वारा तिच्या घराकडे जातो म्हणून आमच्याकडे बांगडा तळला गेला नाही. मासळीवाली मथुरा रोज बेड्यावरून परत जायची. “जपानाक जाता तो, उपास माका कित्याक?” म्हणायची. गुरुदासचे हात तेलावाचून सैरभैर झाले. बैलसुद्धा गोठ्यातून वाट बघायचा.

आठव्या दिवशी दंडावर मोत्यासारखा फोड, भोवती लाल कडं. हौसाबाईने स्वतः त्याला मालवणच्या दवाखान्यात नेलं, छत्री त्याच्या डोक्यावर नाही, दंडावर धरून. डॉक्टरने सही केली.

गुरुदास परतला तो जूनमध्ये, कागदी पंखा घेऊन. पंख्याकडे तिने पाहिलंही नाही.

“थंयच्या लोकांनी दंड बघल्यानी?” तिने विचारलं.

“नाय गो. कागद बघल्यानी, शिक्को बघल्यानी आणि जा म्हटल्यानी.”

“नुसतो कागद?” ती म्हणाली. “आणि मी नव दीस माशाशिवाय ऱ्हवलंय, ता खंयच्या कागदार होता?”

गुरुदास हसला. तिने त्याची बाही वर सारली, वणावरून अंगठा फिरवला.

“थंय कोणाक काय झाला नाय मा?”

“कोणाक काय नाय.”

मग तिने फळीवरची वाटी उतरवली, मुठेल चुलीवर पातळ केलं आणि ओसरीवर बसून दोन्ही गुडघे त्याच्यापुढे लांब केले.

“घे,” म्हणाली, “आता लाव तेल.”