उजव्या पायाचा बूट

मित्रांनो, बूट नेहमी जोडीने जगतात, पण आज तुमच्याशी बोलतो आहे तो मी एकटा. मी एका बंबवाल्याच्या उजव्या पायातला, धावण्याचा जुना बूट आहे. डावा माझ्या शेजारीच आहे, पण जे घडले ते माझ्या बाजूला घडले.

माझा तळ गरम साच्यात दाबून चिकटवला गेला. मऊ टाच, जाळीदार अंग आणि पांढऱ्या नाड्या घेऊन मी दुकानाच्या काचेत बसलो होतो. मालक आणि मालकीणबाई आले तेव्हा मालकांना वाकून नाडीही बांधता येईना. पोट मध्ये येत होते. मालकीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी खाली बसून गाठ मारली.

मालक चव्वेचाळीस वर्षांचे होते आणि एकोणीस वर्षे अग्निशामक दलात होते. मी घरी येण्याच्या महिनाभर आधी भर दुपारी एका इमारतीत चौथ्या मजल्यावर आग लागली होती. पाठीवर हवेची टाकी घेऊन मालक जिना चढले आणि तिसऱ्या मजल्यावर त्यांचा दम संपला. ते पायरीवर बसले. त्यांच्याबरोबरचा जोडीदार एकटा वर गेला. बंद दाराआडच्या म्हाताऱ्या गृहस्थांचा जीव वाचला नाही. कुणी मालकांना बोल लावला नाही. ते मात्र घरी रोज तेच बोलत. "अठरा पायऱ्या उरल्या होत्या गं. फक्त अठरा."

पहिल्या सकाळी आम्ही पाण्याच्या टाकीपर्यंतही पोचलो नाही. विजेच्या खांबाला धरून मालक ओकले. दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाले. ऊन असो, धुके असो, त्यांनी खाडा केला नाही. हळूहळू पट्ट्याला आतल्या बाजूला नवी भोके पडली. पहिल्या पाच किलोमीटरच्या शर्यतीत त्यांच्यामागे फक्त दोन आजोबा होते, दहाच्या शर्यतीत निम्मे लोक. अग्निशमन केंद्रातले सहकारी म्हणू लागले, "काय राव, तुम्ही तर पोरांना लाजवाल!" मालकीणबाई मला ओल्या फडक्याने पुसून उन्हात ठेवत. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. फार थोडे होते.

मग मालकांनी एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत नाव दिले. विश्रांतीचा दिवस त्यांना चोरीसारखा वाटे. रस्त्याच्या उतरत्या कडेने रोज धावून माझी टाच एका अंगाने झिजली. मी तिरका झालो, तसा त्यांचा गुडघाही तिरका पडू लागला. मला ते प्रत्येक पावलाला कळत होते. बुटाला तोंड नसते. झिजणे एवढेच त्याचे बोलणे.

"अहो, पाय ओढताय तुम्ही," मालकीणबाई म्हणाल्या.

"काही नाही गं, जरा आखडलाय."

शेवटी त्यांनीच मालकांना हाडांच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला, मग मला उचलून माझा तळ पाहिला. "गुडघ्यातली गादी फाटायला आलीय. सहा आठवडे धावायचं नाही. आणि हे बूट बदला."

"तीन आठवड्यांवर शर्यत आहे, डॉक्टर."

"शर्यत पुढच्या वर्षीही असेल. गुडघा असेलच असं नाही."

मालकांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा रस्त्यावर होतो.

शर्यतीच्या दिवशी त्यांनी दुखणे मारायच्या दोन गोळ्या घेतल्या. सतराव्या किलोमीटरला माझ्यावर भार पडला आणि वर गुडघ्यात काहीतरी कट्कन तुटले. तो आवाज मी अजून विसरलो नाही. स्वयंसेविका धावत आली. "काका, बसा, गाडी बोलावते." "नाही, नाही, मी बसणार नाही," असे ते ओरडले आणि उरलेले चार किलोमीटर त्यांनी मला फरफटत नेले. शेवटच्या रेषेवर गळ्यात पदक पडले आणि मालक जमिनीवर.

शस्त्रक्रिया झाली. दलाच्या डॉक्टरांनी कागदावर लिहिले, जिना चढण्याच्या कामास अपात्र. आता त्यांची छाती आठ मजले चढेल अशी झाली होती आणि पाय एक मजला चढेना. त्यांना केंद्रात फोनपाशी बसवले. बंब सुटला की ते खिडकीकडे बघतही नाहीत.

एक दिवस त्या आगीतला जोडीदार घरी आला. पंख्याखाली बसला. मग म्हणाला, "दादा, मी दार फोडलं तेव्हा ते आजोबा गार पडले होते. धुरानं आधीच गेले होते. तुम्ही धावत आला असतात तरी काही झालं नसतं."

मालकांनी विचारले, "हे तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं, दादा. दोनदा. तुम्ही ऐकलंच नाही."

मालकीणबाई उठून आत गेल्या. मालकांनी मला उचलले आणि माझा तळ उलटून पाहिला.

मित्रांनो, धावा, खूप धावा. अंग पुन्हा कमावणे ही चांगली गोष्ट आहे. पण अंगाला शिक्षा म्हणून पळवू नका. दुखणे सांगायला येते, त्याला गोळी देऊन गप्प बसवू नका. आमचे तळ अधूनमधून उलटून पाहा. आणि जवळचे माणूस दोनदा काही सांगत असेल, तर निदान दुसऱ्यांदा तरी ऐका.

मालकांनी मला टाकून दिले नाही. चांभाराकडून माझी टाच सरळ करून घेतली. आता आम्ही अंगणात भिंतीला धरून दहा मिनिटे चालतो. काल सहाव्या मिनिटाला गुडघा ठणकला. मालक थांबले, खुर्ची ओढली आणि बसले.