तड्यावरची काच

साकेतने बटरच्या सुरीने चर्चच्या भिंतीवरची काचेची पट्टी उचकटली आणि कोटाच्या खिशात टाकली. यापुढे असं काही घडलंच नाही असं धरून चालायचं त्याने ठरवलं होतं, म्हणून आपणही तसंच धरू.

काच बाबांनी लावली होती. पुरुषोत्तमराव सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, केंब्रिजजवळच्या या खेड्यात लेकाकडे दोन महिने राहायला आले होते. साकेत गावच्या जुन्या चर्चची माहितीपुस्तिका लिहीत होता. मोठ्या हौसेने तो त्यांना चर्च दाखवायला घेऊन गेला.

"दालन बाराव्या शतकातलं, मनोरा चौदाव्यातला. आणि बघा, मनोऱ्याचा खालचा दगड वेगळा, वरचा वेगळा."

"कंत्राटदार बदललेला दिसतो."

"मध्ये प्लेग आला, बाबा. गवंडीच मेले."

"कारण प्रत्येकाकडे असतं."

दालन आणि मनोरा जिथे भेटत होते, तिथे वरपासून खालपर्यंत तडा होता. बाबा त्यापुढे बराच वेळ, देवळात चप्पल काढून उभं राहावं तसे उभे राहिले. दुसऱ्या दिवशी एकटेच जाऊन त्यांनी तड्यावर आडवी काच बसवली, दोन्ही टोकांना सिमेंट लावून. खात्याची रीतच ती: भिंत हलली की काच फुटते. शेजारी पेन्सिलीने तारीख, चौदा जुलै, आणि सही.

चर्चच्या इमारतीची देखभाल बघणाऱ्या चर्चवॉर्डन मिसेस हॉलिसचा मेल अतिशय सभ्य होता, म्हणजे फारच वाईट. या भिंतींना सिमेंट चालत नाही. खिळा ठोकायचा तरी बिशपच्या कचेरीची परवानगी लागते. बाबा पुण्याला परतले त्याच आठवड्यात साकेतने काच काढली, सही खोडरबराने पुसली.

दर रविवारी फोन यायचा.

"काच बघितलीस?"

"हो, बाबा."

"फुटली?"

"नाही हो. साधा ओरखडासुद्धा नाही."

हे शंभर टक्के खरं होतं. काच ड्रॉवरमध्ये मोज्यात गुंडाळून ठेवलेली होती.

"थांब, वहीत लिहितो," बाबा म्हणायचे, आणि पुन्हा ड्यूटीवर हजर झाल्यासारखा त्यांचा आवाज ताठ व्हायचा.

फेब्रुवारीत बाबा गेले. वहीत अठ्ठावीस रविवार होते, प्रत्येकापुढे एकच शब्द: स्थिर.

मे महिन्यात मिसेस हॉलिसने त्याला चर्चच्या फाटकात गाठलं.

"तडा बोटभर रुंदावलाय, साकेत. मनोरा बंद करावा लागतोय. आर्किटेक्ट विचारत होता, हा कधीपासून हलतोय याची काही नोंद आहे का?"

"नाही."

"तुझ्या वडिलांचं बरोबर होतं. मीच मध्ये आले." तिने बागकामाचा हातमोजा काढला, परत घातला. "मला त्यांना पत्र लिहायचंय. पत्ता देशील?"

"मेल करतो," साकेत म्हणाला.

घरी येऊन त्याने लॅपटॉप उघडला. मेल करण्याऐवजी बिशपच्या कचेरीचा परवानगीचा फॉर्म काढला आणि 'कामाचे स्वरूप' या रकान्यात, बाबांच्या खात्याच्या मराठीत, लिहिलं:

'सदर काचेची पट्टी गतवर्षीच्या चौदा जुलैपासून भिंतीवरच होती, ती योग्य वेळी फुटली, व तसे संबंधित अभियंत्यास त्यांच्या हयातीत कळविण्यात आले, असे पूर्वलक्षी प्रभावाने मानण्यात यावे, ही नम्र विनंती.'