आठमाही बिऱ्हाड

हिवाळ्याची चाहूल लागली की त्या डोंगरावरच्या गावात दोन कामं एकदम सुरू होत. हॉटेलवाले गाद्या उन्हात टाकत आणि भाडेकरू भांडी पोत्यात भरत. दोन्ही कामं शेजारीशेजारी चालत आणि त्यात कोणालाच काही वावगं वाटत नसे.

त्या दिवशी चादरवाली रजा टाकून घरी होती. मोठ्या हॉटेलात ती खोल्या आवरायची. तिने घातलेल्या चादरीवर सुरकुती शोधून सापडायची नाही, म्हणून सोबतच्या बायकांनी तिला हे नाव ठेवलं होतं. नवरा जीपचा ड्रायव्हर, पर्यटकांना बर्फात नेऊन आणणारा. सासरे गावचे जुने पोस्टमन, सगळ्यांचे आबा. मुलगी कालच सामानाची पिशवी घेऊन खाली आत्याकडे गेली होती, सीझन संपेपर्यंत. शाळा मध्येच बदलायची, मग पुन्हा बदलायची. पोरीचा अभ्यास मागे पडतो अशी तक्रार दोन्ही शाळांतल्या बाई करत.

"आबा, जरा उठता? गादी गुंडाळायची आहे."

आबा खिडकीशी बसले होते. "कुठे निघालो आपण?"

"मागे, शेडमध्ये. दरवर्षी जातो ना?"

"का?"

चादरवालीने उशीचा अभ्रा काढला, झटकला, पुन्हा झटकला. उत्तर तिला ठाऊक होतं, पण सगळा जन्म गावाला पत्रं वाटण्यात गेलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडावर सांगण्यासारखं ते नव्हतं.

वाचकहो, ते मी सांगतो. या गावात बारा महिन्यांसाठी कोणी कोणाला घर देत नाही. बर्फ नसतो ते आठ महिने भाडेकरूचे, बर्फाचे चार महिने पाहुण्यांचे. एका आठवड्याच्या पाहुण्याकडून मालकाला जे मिळतं ते भाडेकरूकडून सबंध उन्हाळ्यात मिळत नाही. अशा भाडेकरूंना गावात 'आठमाही' म्हणतात, आठच महिने पाणी देणाऱ्या कालव्याला म्हणावं तसं, अगदी सहज. म्हणजे जेव्हा माणसाला चार भिंती सगळ्यात जास्त हव्या असतात, नेमक्या तेव्हाच त्या काढून घ्यायच्या. एखाद्या राक्षसाने ही रीत काढली असती तर लोकांनी त्याला दगड मारले असते. पण ती शेजाऱ्यांनी, ओळखीच्यांनी, गोड बोलत काढली, म्हणून ती रीत झाली.

पगार वाढवा म्हटलं की हॉटेलचा मालक म्हणे, गावातल्या खोल्या महागल्या त्याला मी काय करू? भाडं कमी करा, बाराही महिने राहू द्या म्हटलं की घरमालक म्हणत, हॉटेलवाले पगार देत नाहीत त्याला आम्ही काय करू? संध्याकाळी दोघे एकाच टेबलावर पत्ते कुटत बसत.

मावशी चहाचे कप घेऊन आली. मावशी म्हणजे घरमालकीण. नात्याची नव्हे, पण हाकेची. चादरवालीच्या बाळंतपणात रात्ररात्र जागलेली, सणकून ताप आला तर कपाळावर पट्ट्या ठेवणारी. ती वाईट होती असं म्हणून हात झटकता आले असते तर ही गोष्ट लिहायची गरजच नव्हती.

"भिंतीतले खिळे तेवढे काढशील ना गं? पाहुण्यांना आवडत नाही."

"काढते मावशी."

"आणि शेडला मी यंदा नवीन पत्रा टाकलाय बरं का. भाडं मागितलंय का कधी शेडचं?"

"नाही मावशी."

"मग? आपलीच माणसं तुम्ही."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. संध्याकाळपर्यंत विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन तिघे मागच्या अंगणातल्या शेडमध्ये गेले. पूर्वी तिथे लाकडं असत. खिडकी नव्हती. ड्रायव्हरने पत्र्याच्या फटींत पोती ठासली, वारा थोडा अडला. ऊब म्हणून कोळशाची शेगडी. शेगडी पेटली की दार किलकिलं ठेवायचं, हे शेडमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाला पाठ होतं. कोळशाच्या कोंडलेल्या वायूने माणूस झोपेतच जातो, हेही.

यंदा एक गोष्ट मात्र बदलली होती. आबांची आठवण गळायला लागली होती. कधी ते सकाळी उठून टोपी घालून निघत आणि ओळखीच्या दारांवर थाप मारत. त्यातली निम्मी दारं आता शहरातल्या लोकांनी विकत घेतली होती. वर्षातून दहा दिवस उघडत, एरवी कुलूप. "शाळेतले गुरुजी कुठे गेले?" आबा विचारत. गुरुजी खाली राहायला गेले होते, परवडेना म्हणून. सगळेच जात होते.

पण फिरून फिरून आबा येत ते आपल्या खोलीवर. पाहुणे जिथे उतरले होते त्या खोलीवर. दार ढकलायचे, चपला काढायचे आणि खिडकीशी जाऊन बसायचे. समोर कोणी अनोळखी दिसलं तर घरी पाहुणे आलेत असं समजून विचारायचे, "चहा झाला का तुमचा?"

पहिल्या पाहुण्यांना वाटलं, ही सोय पॅकेजमध्येच आहे. त्यांनी आबांना चहा पाजला, खांद्यावर हात टाकून फोटो काढले. जाताना मावशीला म्हणाले, "आजोबांची कल्पना फार छान." मावशी हसली. चादरवालीने ऐकलं आणि तिलाही हसू आलं.

दुसरे पाहुणे नवं जोडपं होतं. आबा आत शिरले तेव्हा मुलगी नुकतीच न्हाऊन आली होती. तिची किंकाळी रस्त्यापर्यंत ऐकू गेली. जोडपं त्याच दिवशी दुसरीकडे गेलं आणि जाण्यापूर्वी मोबाईलवर लिहून गेलं, खोलीत परका म्हातारा शिरतो, बायकांना सुरक्षित नाही.

मावशी शेडच्या दारात आली. ती खरंच घाबरली होती. तिचंही पोट त्या एका खोलीवरच होतं.

"दोन बुकिंग गेली. मी काय खाऊ? मला सांग."

"मावशी, त्यांना कळत नाही. मुद्दाम नाही करत."

"मला का माहीत नाही ते? पण पुन्हा असं झालं तर सीझननंतर मला दुसरं कोणी बघावं लागेल. आधीच सांगते, मागाहून बोल लावू नकोस."

दुसरं कोणी म्हणजे दुसरे आठमाही. रांगेत कितीतरी उभे होते. ही खोली गेली तर गावात दुसरी मिळणार नव्हती, आणि गाव सुटलं की दोघांची कामंही सुटणार होती. दवाखान्यातली नर्स औषधांच्या कोठारात झोपते, हे चादरवालीला माहीत होतं. कोठार तरी तिला कोण देणार होतं?

ड्रायव्हरने दुसऱ्या दिवशी दाराला बाहेरून कडी बसवली. स्क्रू पिळताना बायकोकडे बघितलं नाही.

"दिवसा कोणीतरी घरी थांबायला हवं," ती म्हणाली.

"कोण थांबणार? तू की मी?"

एकाच्या पगारात दोन वेळचं भागलं असतं तर हा प्रश्न आलाच नसता. नवराबायको दोघांनाही ते कळत होतं. सकाळी निघताना शेगडी उचलून बाहेर ठेवायची, आबांना दोन रजया द्यायच्या, कडी लावायची. दुपारच्या सुट्टीत तिने धावत येऊन उघडायचं, त्यांना जेवू घालायचं, फिरवायचं, पुन्हा कडी. आबा पहिल्या दिवशी आतून म्हणाले, "सूनबाई, दार अडकलंय गं." ती म्हणाली, "येते हं लगेच," आणि पळत सुटली. तिला वाटलं, सवय होईल. सवय होतेच, हाच तर माणसाला शाप आहे.

मग तो बर्फाचा मोठा आठवडा आला. रात्रभर बर्फ पडत राहिला आणि सकाळी सगळा डोंगर पांढराशुभ्र झाला. पर्यटकांच्या गाड्यांची खालपर्यंत रांग. शेडमध्ये बादलीतलं पाणी गोठलं होतं. आबांची बोटं निळी पडली होती, दात वाजत होते. चादरवालीने शेगडी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. निखाऱ्यांवर राख आलीच होती. दुपारी तर आपण येतोच, तोवर ऊब राहील, असा तिने विचार केला. तिने आबांचे पाय चोळले, रजई हनुवटीपर्यंत ओढली आणि बाहेर येऊन कडी लावली.

दुपारी ती निघाली तेव्हा सुपरवायझर जिन्यात उभा होता. एक मोठा ग्रुप वेळेआधीच आला होता.

"आज सुट्टी नाही कोणालाच."

"सासरे एकटे आहेत साहेब. पाच मिनिटांत आले."

"पाच मिनिटांत कोणी येत नाही, मला माहीत आहे. जायचं तर जा. मग उद्या यायचीही तसदी घेऊ नकोस."

ती एक पायरी उतरली होती. तिथेच थांबली. मग वर आली आणि पलंगावर चादर टाकली. त्या क्षणी तिने काय निवडलं, हे तिला ठाऊक नव्हतं. गरिबाला निवडायला लावतात तेव्हा पणाला काय लागलंय ते कोणी सांगत नाही.

दिवस कलताना ती घरी पोचली. कडी काढली. आत ऊब होती, कोळशाचा वास होता आणि आबा दारापाशी पडले होते. रजई गादीवरून दारापर्यंत ओढत आणलेली. उजवा हात दाराच्या फळीवर टेकलेला.

तिची किंकाळी मात्र कोणी ऐकली नाही, कारण ती किंचाळलीच नाही. ती खाली बसली आणि तिने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. ड्रायव्हर आला, नर्स आली, शेजारपाजारचे आले. नर्सने नाडी पाहिली, शेगडीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. कोणी म्हणालं, वय झालं होतं. कोणी म्हणालं, सुटले बिचारे. जात्यातले रडतात आणि सुपातले असं बोलतात. पण तिथे उभे होते ते सगळे सुपातलेच होते, आणि त्यांनाही ते ठाऊक होतं.

मावशी रडत आली. खोटं नाही, मनापासून रडली. मग डोळे पुसून ड्रायव्हरच्या जवळ गेली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मागच्या पायवाटेने न्याल का रे? पुढे पाहुणे आहेत. त्यांना उगाच... तू समजूतदार आहेस."

ड्रायव्हरने सवयीने मान डोलावली.

"नाही," चादरवाली म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. तिचा आवाज मोठा नव्हता.

"मागून नाही नेणार. आधी घरी नेणार त्यांना. रोज तिथेच जायचा प्रयत्न करत होते."

"अगं, पण पाहुणे..."

"कडी मी लावली, मावशी. शेगडी मी ठेवली. ते पाप माझं आहे, ते मी जन्मभर वाहीन, कोणाच्या माथी नाही मारणार. पण थंडीत आम्हाला घराबाहेर काढायचं, हे मी नाही ठरवलं. ते तुम्ही सगळ्यांनी ठरवलं आणि आम्ही हो म्हटलं. आता मी नाही म्हणते."

तिने आबांच्या खांद्यांखाली हात घातले. ड्रायव्हरने आबांचे पाय उचलले. नर्स पुढे झाली, पलीकडच्या शेडमधला स्वयंपाकी पुढे झाला. मागच्या अंगणातून घराला वळसा घालून ते पुढच्या दाराशी आले आणि चादरवालीने पायानेच दार ढकललं.

आत मध्यमवयीन नवराबायको होते. बाई हीटरजवळ हात शेकत बसल्या होत्या. त्या उठल्या.

"हे काय चाललंय?" त्यांच्या नवऱ्याने विचारलं. "आम्ही खोलीचे पूर्ण पैसे दिलेत."

"आम्हीही देतो," ड्रायव्हर म्हणाला. त्या दिवसातलं ते त्याचं पहिलं वाक्य होतं.

बाईंनी आबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग चौघांच्या बर्फाने भिजलेल्या पायांकडे. "हे कोण?"

"माझे सासरे. हे त्यांचं घर आहे."

"मग ते होते कुठे?"

"मागे. लाकडांच्या शेडमध्ये."

बाईंनी पलंगावरच्या आपल्या बॅगा उचलून जमिनीवर ठेवल्या आणि बाजूला झाल्या. आबांना पलंगावर निजवलं. मावशी उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. आपल्याच घरात पाऊल टाकायचा तिला धीर होईना.

दुसऱ्या दिवशी आबांना पुढच्या रस्त्याने नेलं. पर्यटकांच्या गाड्या खोळंबल्या. कोणी हॉर्न वाजवले, कोणी काचा खाली करून विचारलं, काय झालं? आणि प्रथमच गावातल्या माणसांनी 'म्हातारपण' असं उत्तर दिलं नाही. खरं ते सांगितलं.

सगळं सुरळीत झालं असं सांगायला मला आवडलं असतं. आबांना पोचवून दोघं शेडमध्ये परतलीच नाहीत, खोलीतच राहिली. चादरवालीची नोकरी गेली. मावशीने खोलीचं पाणी तोडलं, मग दोन दिवसांनी स्वतःच जोडलं, मग दावा लावला. दोघी एकमेकींशी बोलत नाहीत आणि दोघीही एकमेकींच्या दाराकडे बघत असतात. चादरवालीला रात्री झोप लागत नाही. पण ती खोलीतून हलली नाही. या वर्षी थंडी पडली तेव्हा गावातल्या आणखी काही बिऱ्हाडांनी भांडी बांधली नाहीत. नर्सने तर पाहुण्यांसाठी राखलेल्या एका खोलीचं कुलूप उघडून आपली पेटी आत नेऊन ठेवली आणि मालकाला म्हणाली, "भाडं घ्या. बारा महिन्यांचं घ्या. पण घ्या." पुढे काय होईल ते आज कोणीच सांगू शकत नाही.

तुम्ही या हिवाळ्यात बर्फ बघायला जाणार असाल तर अवश्य जा. डोंगर सुंदर आहेत, त्यांचा काही दोष नाही. खोली मिळेल, चादर स्वच्छ असेल, हीटर चालू असेल. फक्त सामान आत नेण्यापूर्वी मालकाला एक विचारा, उन्हाळ्यात या खोलीत कोण राहतं? आणि तो नाव सांगेल त्या माणसाला भेटल्याशिवाय आत जाऊ नका.