कणा नाही, चाती

नेरकर सरांच्या पुस्तकाचं प्रकाशन तुमच्या हातून व्हावं, अशी विनंती करायला साहित्य मंडळाचे लोक आले तेव्हा मंजुळाने लगेच होकार दिला. ती जळगावच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायची. लोकांना वाटलं, बाई फार साध्या आहेत.

नेरकर सर तिला धुळ्यात नववीला होते, चौऱ्याऐंशी साली. टायफॉइडमधून उठून ती शाळेत आली, त्या दिवशी त्यांनी फळ्यावर ‘स्पिंडली’ असा शब्द लिहिला. अर्थ सांगितला, काडीसारखा लुकडा. मग तिला पुढे बोलावून वर्गाकडे पाठ करून उभं केलं. हा शब्द ‘स्पाइन’वरून, म्हणजे पाठीच्या कण्यावरून आला, असं सांगत पट्टीच्या टोकाने गणवेशावरूनच तिचे मणके मोजले. वर्गाने ओरडून आकडे म्हटले, अकरापर्यंत. दहावी संपेपर्यंत तिला कुणी मंजुळा म्हणून हाक मारली नाही, सगळे ‘स्पिंडली’च म्हणायचे.

पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात तिने जाडजूड शब्दकोश उघडला. स्पिंडली म्हणजे स्पिंडलसारखा, चातीसारखा, सूत कातताना गरगर फिरणाऱ्या बारीक सळईसारखा. आणि चातीचा तो शब्द सूत कातण्याच्या क्रियापदातून आलेला. कण्याचा संबंधच नव्हता. तिचे वडील चिंधाआबा गिरणीच्या सूतखात्यात चात्यांवरच कामाला होते. तिने घरी येऊन त्यांना शब्द सांगितला, वर्गातलं मात्र सांगितलं नाही. आबा खूश झाले.

“पातळ शे म्हनीसन तर इतली जोरमा फिरस,” ते म्हणाले.

मंजुळाला हसू आलं नाही. नेरकर सरांनी आपल्याला चुकीच्या व्युत्पत्तीपायी उभं केलं, एवढंच तिच्या मनात रुतून बसलं.

सत्त्याण्णव साली सरांच्या पुस्तकाची छापील पानं प्रकाशनाआधी पंधरा दिवस तिच्याकडे आली. इंग्रजी शब्द कुठून आले, याचंच पुस्तक होतं ते. एक्केचाळिसाव्या पानावर तोच शब्द आणि तोच कणा. बांधणी व्हायची होती. दोन ओळींची चिठ्ठी पाठवली असती तर पान बदललं असतं. तिने पाठवली नाही.

समारंभाला सभागृह भरलं. सरांचे जुने विद्यार्थी होते, पहिल्या रांगेत त्यांची बायको पुष्पाबाई, सुना, नातवंडं. मंजुळाने आधी पुस्तकाचं कौतुक केलं, मग सरांनाच तो एक शब्द समजावून सांगायची विनंती केली. सर आनंदाने उठले. कण्याची गोष्ट त्यांनी रंगवून सांगितली, टाळ्या घेतल्या. मग तिने पिशवीतून शब्दकोश काढला आणि सावकाश, मराठीत अर्थ सांगत वाचून दाखवला.

“कणा नाही सर, चाती.”

मतमतांतरं असतात, असं सर हसत म्हणाले. तिने विचारलं, कोणत्या कोशात? सर आपल्याच पुस्तकाची पानं उलटू लागले.

“मग चौऱ्याऐंशी साली माझे मणके कशाच्या आधारावर मोजलेत?”

सरांना काही आठवत नव्हतं, ते चेहऱ्यावरच दिसलं. तेव्हा तिने सगळं सांगितलं, वर्ग, पट्टी, अकरा आकडे. पुष्पाबाई मान खाली घालून बसल्या. पुस्तकं टेबलावर होती तशीच राहिली.

म्हाताऱ्या माणसाला एकटं गाठून सांगायचं होतं, असं मंडळाचे चिटणीस नंतर तिला रागाने म्हणाले.

“त्यांनी मला एकटं गाठून सांगितलं नव्हतं,” ती म्हणाली.

महिन्याभराने सरांचं पत्र आलं. आता आठवलं, क्षमा कर, असं लिहिलं होतं. मंजुळाने ते दोनदा वाचलं आणि उत्तर दिलं नाही. दिवाळीत दुसरं आलं. तेही तिने वाचून ठेवून दिलं.