अडखळायचं नाही

आवाजवाली बाई म्हणून त्यांना लोक ओळखत, म्हणजे चेहऱ्यावरून कोणीच ओळखत नसे. लिफ्टमध्ये दार बंद होत असल्याची वर्दी देणाऱ्या त्याच आणि फोनवर लोकांना ताटकळत ठेवणाऱ्याही त्याच. पण त्यांचा खरा तोरा शब्दांच्या अ‍ॅपवरचा. अडलेल्या इंग्रजी शब्दावर बोट ठेवलं, की बाई उच्चार सांगत आणि वर अर्थही.

काम घेताना त्यांनी स्टुडिओवाल्याला सांगून पाहिलं होतं, की यातले निम्मे शब्द आपण बापजन्मात ऐकलेले नाहीत. तो बिचकला नाही. "ताई, अडखळलात तर ती चूक. न अडखळता म्हणालात, की तो उच्चार." बाईंनी सुरुवातीला थोडी विचारपूस केली, पुढे बेधडक ठोकून देऊ लागल्या. काचेपलीकडे तो मान डोलवत असे.

पिकतं तिथे विकत नाही. लेकीने शब्दस्पर्धेची तयारी आईच्या अ‍ॅपवर न करता मामाशी फोनवर बोलून केली. मामा मालवाहू जहाजावर इंजिनियर.

अंतिम फेरीत दोघी मुली उरल्या. पडद्यावर शब्द यायचा; उच्चार करायचा, अर्थ सांगायचा. लेकीच्या वाट्याला जो आला, तो अक्षरं जुळवून वाचला तर 'बोटस्वेन' व्हावा असा.

"बोसन," लेक म्हणाली. "जहाजावरच्या खलाशांचा मुकादम."

मामाचं त्या मुकादमाशी रोज वाजायचं. त्याच्या हुद्द्याचं नाव तो चुकवणार कसा? पण परीक्षकांना मामा ठाऊक नव्हता. अर्थ बरोबर, म्हणाले, आणि उच्चार पडताळायला त्यांनी मोबाइल माइकपाशी धरला. सभागृहभर खणखणीत आवाज घुमला: "बोटस्वेन."

प्रेक्षकांत बसलेल्या बाईंचाच तो आवाज. आपलेच दात, आपलेच ओठ. बक्षीस अ‍ॅपवाल्यांचंच होतं, आणि स्टुडिओवाला पुढच्या रांगेत ऐसपैस बसला होता. उठावं तर हातचं काम जाणार, बसून राहावं तर लेकीचा करंडक. बाई उठल्या.

"तो आवाज माझा आहे," त्या म्हणाल्या. "आणि उच्चार चुकलाय. मुलगी बरोबर सांगतेय."

सगळ्या माना वळल्या. मोबाइल धरलेला परीक्षक भला माणूस. त्याने बाईंनाच शब्द म्हणायची विनंती केली. शेजाऱ्याकडे उसनं मागावं तशा पडेल आवाजात त्या म्हणाल्या, "बो... बोसन."

परीक्षकाने मोबाइल पुन्हा वाजवला. "बोटस्वेन." एकेक अक्षर कसं नाणं वाजवून घेतल्यासारखं.

"आईची माया कळते हो," तो मऊपणे म्हणाला. "पण हा आवाज कुठे, तुमचा कुठे?"

सभागृह हसलं. करंडक दुसरीकडे गेला.

दारात स्टुडिओवाला भेटला. रागावण्याऐवजी त्याने बाईंची पाठ थोपटली: कोणाला पत्ताही लागला नाही, झालं ते छान झालं, नवे शब्द आलेत, सोमवारी या.

जिना उतरताना लेक म्हणाली, "आई, चुकताना काय आवाज लागतो गं तुझा."

बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि अडखळल्या.