सगळ्यात वर कोण

“पुन्हा तोच वर! माझ्या डोक्यावर बसायलाच जन्माला आलाय.”

कात्रीवाल्यांनी फोन ऐरणीवर आपटला. सामान विकणाऱ्या त्या वेबसाइटवर ‘शिंप्याची कात्री’ असं शोधलं की सगळ्यात वर त्यांच्या धाकट्या भावाची कात्री यायची. त्यांची स्वतःची शोधता शोधता बोट दुखायला लागायचं. दोघं एकाच भट्टीवर शिकलेले, एकाच बापाचा ओरडा खाल्लेले. मग वाटणी झाली, धाकटा गावाच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि बोलणं कामापुरतं उरलं.

दोघांच्या कात्र्या वेबसाइटवर आल्यापासून सकाळच्या चहाबरोबर त्यांना धाकट्याचं तिथलं पान लागे. किंमत वाढवली का, फोटो बदलला का, कुठल्या गिऱ्हाइकाने काय कौतुक केलं, सगळं वाचायचं आणि दिवसभर धुमसत राहायचं. दुपारी पुन्हा तेच. “पातं बघ कसं बोथट!” म्हणत फोटो मोठा करून बघायचा. पातं बोथट नव्हतं. दुखणं तेच होतं.

जेवायला बोलवायला आलेल्या मुलीने तो फोन उचलला. मग आपल्या फोनवर तेच शोधलं आणि ती खुदकन हसली.

“बाबा, इथे कुठाय काका वर?”

तिच्या फोनवर वरच्या साऱ्या जागा मोठ्या कारखान्यांच्या होत्या. खूप खाली, कापड मोजायच्या फितींच्याही खाली, दोघे भाऊ एकाखाली एक.

“मग माझ्याकडेच कसा तो पहिला?”

“तुम्ही रोज काकाचंच पान उघडता ना? वेबसाइटला वाटतं, या माणसाला हीच कात्री हवीय. ती बिचारी आणून पुढ्यात ठेवते. तुम्हीच चढवलंय काकाला!”

कात्रीवाले ओशाळले. इतका जळफळाट, आणि सगळा घरचाच. तेवढ्यात मुलीच्या हातातला त्यांचा फोन वाजला आणि तिने तो स्पीकरवर लावून पुढे धरला. धाकटाच होता.

“दादा, जोरात आहेस हं! ‘शिंप्याची कात्री’ शोधलं की पहिला तूच. किती दिवस बघतोय मी. माझी आपली पार तळाला. काय युक्ती केलीस, सांग की आम्हालाही.”

शब्द कौतुकाचे होते, पण आवाज कोरडा होता. तो कोरडेपणा कात्रीवाल्यांच्या चांगला ओळखीचा होता. म्हणजे हाही रोज माझंच पान उघडून बसतो तर!

“सांगा ना खरं,” मुलगी हळूच म्हणाली.

खरं सांगितलं की धाकट्याच्या नजरेतला पहिला नंबरही जाणार. साऱ्या जगात मिळालेला तेवढा एकच. शिवाय आपण काय करत होतो, तेही कबूल करावं लागणार.

“युक्ती कसली रे,” शेवटी ते म्हणाले, “माझ्याकडे पहिला तू येतोस.”

“चल, काहीतरीच.”

“खरंच. ज्याचं पान आपण सारखं उघडतो, तो वर येतो म्हणे. मी तुझं उघडतो. रोज.”

पलीकडे धार लावायचं यंत्र घरघरत होतं. ते बंद झालं. फोन मात्र कुणीच ठेवला नाही.