पुढच्या चाकांची ओढ

पुसदच्या एका गल्लीत कडुनिंबाखाली जी पांढरी, उंच, दाराच्या कडांना गंज धरलेली गाडी दिसते, ती मी. वीस वर्षं होत आली मला. शाळेत जाणारी पोरं मला अजून जीपच म्हणतात. मी जीप नाही, पण त्यांचं मनावर घेत नाही. माझी उंची पाहून म्हणतात ती, आणि त्या उंचीचा थोडा तोरा मलाही आहे.

माझा जन्म इथून फार लांब, एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्याबरोबर जन्मलेल्या बहुतेक गाड्यांची दोनच चाकं जोर लावत. उरलेली दोन नुसती सोबतीनं फिरत. माझं तसं नाही. चिखल लागला, खडा चढ आला, की माझी पुढची दोन चाकंही मागच्यांच्या मदतीला येतात. चालवणाऱ्यानं एक बटण दाबायचं, एवढंच. बाकीचं काम हवेचं; खरं तर हवा काढून घेतल्याचं. इंजिनाजवळ एक छोटा पंप आहे, तो हवा ओढून घेतो. ती ओढ बारीक रबरी नळ्यांतून पुढच्या चाकांना जोडणाऱ्या एक्सलपर्यंत पोचते. तिथं एका डबीत रबरी पडदा आहे. ओढ लागली की पडदा सरकतो, त्याच्याबरोबर एक लोखंडी काटा सरकतो, आणि पुढची चाकं इंजिनाला जोडली जातात. तोवर चालकासमोरचा एक हिरवा दिवा लुकलुकत असतो. चाकं जोडली गेली की तो स्थिर होतो.

माझा पहिला मालक यवतमाळचा एक ठेकेदार. त्यानं ते बटण कधी दाबलंच नाही. साइटवर आणि लग्नकार्यांत मिरवायला त्याला मी हवी होते. मिरवून झाल्यावर त्यानं मला विकलं आणि मी नंदकिशोररावांच्या घरी आले.

नंदकिशोरराव सरकारी कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांच्या पत्नी पद्मजाबाई जनावरांच्या डॉक्टर. मला घेतलं ते पद्मजाबाईंसाठी. पुसदच्या डोंगरातल्या बंजारा तांड्यांवर त्यांना जावं लागायचं आणि तिथले रस्ते म्हणजे दगड आणि काळी माती. पण गाडीबद्दलचं बोलणं सगळं नंदकिशोररावांचं. कुठल्या वेगात बटण दाबायचं, कधी नाही, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत. पद्मजाबाई सांगत काहीच नसत. त्या चालवत. त्यांचे हात हलके होते. खड्डा आला की मला आधी कळे, मग त्यांना, आणि आम्ही दोघी एकदमच सावरत असू.

ते माझे चांगले दिवस. माझ्या मागच्या सीटवर सलाइनच्या बाटल्या बसल्या, कोंबड्यांच्या लसीचे डबे बसले, एकदा तर पाय मोडलेलं वासरू बसलं आणि त्यानं सीटचं कव्हर खाल्लं. तांड्यावर माझा आवाज ऐकला की बाया बाहेर येत. त्यातली रुपीबाई सगळ्यात आधी. म्हशी पाळणारी, कपाळाला मोठं कुंकू लावणारी, आणि डॉक्टरीणबाईला चहा पाजल्याशिवाय न सोडणारी.

एका भर पावसाळ्यात रुपीबाईच्या घरून फोन आला. म्हैस अडली होती. रेडकू पोटात आडवं झालं होतं. पद्मजाबाईंनी बॅग टाकली आणि निघाल्या. तांड्याच्या अलीकडे एक नाला आहे. पाणी फार नव्हतं. आम्ही उतरलो, पाणी ओलांडलं, आणि पलीकडच्या काठाला माझी पुढची चाकं एका चरात लोंबली. पद्मजाबाईंनी मला पूर्ण थांबवलं. बटण दाबलं. अगदी रीतीनं दाबलं. हिरवा दिवा लुकलुकत राहिला. स्थिर होईना. माझी मागची चाकं गरागरा फिरली आणि चिखलात रुतली. पुढची तशीच, लाकडासारखी.

त्यांनी दोन-चार वेळा करून पाहिलं. मग बॅग डोक्यावर घेतली आणि चिखलातून चालत निघाल्या.

त्या पोचल्या तेव्हा उशीर झाला होता. रेडकू गेलं होतं. म्हैसही गेली. ट्रॅक्टर लावून मला बाहेर काढलं, तेव्हा पद्मजाबाई शेजारी उभ्या होत्या. हातांना कोपरापर्यंत रक्त, साडीला चिखल.

दुसऱ्या दिवशी नंदकिशोररावांनी मला अंगणात सुरू केलं. बटण दाबलं. दिवा लुकलुकला आणि लगेच स्थिर झाला.

"हे बघ," ते म्हणाले. "गाडीत काही बिघाड नाही. तू घाईत दाबलं असशील."

"मी गाडी थांबवून दाबलं होतं."

"अगं, मग आता कसं लागतंय? मशीन खोटं बोलतं का?"

पद्मजाबाईंनी त्या दिव्याकडे बराच वेळ पाहिलं. उत्तर माझ्यापाशी होतं, पण मला तोंड कुठं आहे?

नंदकिशोरराव वाईट माणूस नाहीत. बायकोला मुद्दाम दुखवायचं असं त्यांच्या मनात नव्हतं. पण ती गोष्ट त्यांना सांगायला आवडू लागली. मुलीच्या, शाल्मलीच्या, सासरी सांगितली. सकाळी फिरायला येणाऱ्या मित्रांना सांगितली. ट्रॅक्टरवाल्याला भाडं द्यायला तांड्यावर गेले तेव्हा तिथंही सांगितली. "फोर व्हीलचं तंत्र असतं हो. सगळ्यांना नाही जमत." लोक हसत. पद्मजाबाई चहाचे कप उचलून आत जात.

हळूहळू त्यांनी मला चालवणं सोडलं. जवळची गावं स्कूटरवर करू लागल्या. तांड्यावरून फोन आला की दुसऱ्या डॉक्टरचा नंबर देत. रुपीबाईचा फोन पुन्हा आलाच नाही. मी डांबरी रस्त्यावर बाजारापुरती उरले. तीन पावसाळे असेच गेले. माझ्यावर एक निळी ताडपत्री आली, ताडपत्रीवर निंबोळ्या.

मग नंदकिशोररावांनी मला विकायचं काढलं. नेरचा अनिकेत नावाचा शेतकरी बघायला आला. त्याची शेती नाल्यापलीकडे होती, म्हणून त्याला चारही चाकं चालणारी गाडी हवी होती. नंदकिशोररावांनी त्याला शेजारी बसवलं आणि थेट पूस नदीच्या काठी नेलं.

"आता बघा," म्हणत त्यांनी मला एका उतारावरून खाली घातलं. पुढची चाकं खड्ड्यात लोंबली. त्यांनी मला पूर्ण थांबवलं. बटण दाबलं. अगदी रीतीनं दाबलं.

दिवा लुकलुकत राहिला.

त्यांनी पुन्हा दाबलं. मग दिव्याकडे नाही, अनिकेतकडे नाही, समोरच्या काचेकडे बघत बसले. अनिकेत खाली उतरला, चाकं पाहून आला आणि नरमाईनं म्हणाला, "काका, पुढचे चाकं तं हालूनच नाही राह्यले. आधी दुरुस्त करून घ्या. मंग फोन करा मले."

मला वाशीम रोडवरच्या सेवादासच्या गॅरेजात नेलं. सेवादास चांगला कारागीर. पण माझ्यासारख्या गाड्या त्याच्याकडे क्वचित येत. त्यानं आधी बटण उघडून साफ केलं, वायरी तपासल्या. मग म्हणाला, "काका, डबीतला पडदा फाटला असन." नवा पडदा मागवला, बसवला. सपाट जमिनीवर मला सुरू केलं. दिवा लगेच स्थिर झाला.

"घ्या काका. झालं काम."

नंदकिशोररावांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं. तेवढ्यात पद्मजाबाई आल्या. नवऱ्याला घरी न्यायला स्कूटर घेऊन आल्या होत्या. दारातच उभ्या राहून त्यांनी तो दिवा पाहिला.

"असा तर आमच्या अंगणातही लागायचा," त्या म्हणाल्या.

सेवादास हात पुसत थांबला. "म्हंजे मॅडम?"

"लंगडणारी गाय माझ्याकडे आणली, तर मी तिला उभी ठेवून नाही तपासत, दादा. चालवते. जिथं तिला त्रास होतो तिथंच नेते. ही गाडी तुम्ही उभी ठेवून तपासली." त्या माझ्या पुढं येऊन वाकल्या. "नाल्यात पुढची चाकं लोंबत होती. नदीवरही लोंबत होती, असं हे म्हणाले. मग इथंही लोंबवा."

सेवादासला ते पटलं. त्यानं माझ्या सांगाड्याखाली जॅक लावले आणि मला चारही बाजूंनी उचललं. चाकं खाली सुटली, एक्सल खाली गेला. इंजिन सुरू केलं. बटण दाबलं.

दिवा लुकलुकू लागला. थांबेचना.

इंजिनाच्या आवाजाखाली एक बारीक सूं ऐकू येत होता. सेवादास माझ्याखाली सरकला, पद्मजाबाईही पदर खोचून गुडघ्यावर बसल्या आणि बॅटरीचा उजेड धरला.

"सापडलं," सेवादास खालून म्हणाला. "नळी हाय. एक्सलकडं जाते थे. कोनंतरी आधी बदलली आन आखूड घातली. चाक खाली गेलं का तानते."

त्यानं नळी काढून आणली. एक टोक बोटानं बंद केलं, दुसरं तोंडात धरून ओढून पाहिलं. नळी सैल होती तोवर त्याची जीभ टोकाला चिकटून राहत होती. जरा ताणली की सुटत होती. त्यानं ती नंदकिशोररावांच्या हातात दिली. "पाहा काका. इथं चीर हाय. ढिली सोडली का मिटते, तानली का उघडते. मंग खाली ओढच पोचत नसन."

नंदकिशोररावांनी नळी ताणली. नखानं ओरखडा काढावा एवढी चीर होती, ती उघडली. सैल सोडली, मिटली. पुन्हा ताणली. बराच वेळ ते हेच करत राहिले.

"म्हणजे त्या दिवशी…" ते म्हणाले.

"हो," पद्मजाबाई म्हणाल्या. "त्या दिवशी."

"चुकलंच माझं."

पद्मजाबाईंनी हात पुसले. त्यांचा आवाज चढला नाही. "मला नका सांगू. मला ठाऊकच होतं. म्हणजे, होतं असं वाटायचं, आणि मग रोज थोडं थोडं वाटेनासं झालं. जिथं जिथं तुम्ही सांगितलं, तिथं सांगा."

"आता कुठं कुठं सांगत फिरू?"

"एका ठिकाणापासून तर सुरू करा."

सेवादासनं नवी नळी वीतभर लांब घातली आणि ताणणार नाही अशी बांधली. मला पुन्हा लोंबवून पाहिलं. या वेळी दिवा स्थिर झाला आणि गिअर टाकताच माझी पुढची चाकंही हवेतल्या हवेत फिरू लागली. ती थांबल्यावर पद्मजाबाईंनी त्यातल्या एकाला हळूच हात लावून पाहिला.

दोन दिवसांनी अनिकेतचा फोन आला. नंदकिशोररावांनी मोबाइल बायकोपुढे धरला. "तूच सांग."

"गाडी दुरुस्त झाली, भाऊ," पद्मजाबाई म्हणाल्या. "पण आता ती मला लागते."

त्याच आठवड्यात आम्ही तांड्यावर गेलो. पद्मजाबाई चालवत होत्या. बऱ्याच दिवसांनी हातात स्टिअरिंग आल्यामुळे सुरुवातीला त्यांचे हात आवळलेले होते. नाल्याच्या पलीकडच्या काठाला त्यांनी मला थांबवलं, बटण दाबलं आणि दिवा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून धरला. मग मी वर चढले. एवढंच. पण त्यांनी वर आल्यावर मला क्षणभर उभं केलं आणि मागं वळून नाल्याकडे पाहिलं.

रुपीबाई थकली होती. खाटेवर बसून होती. तिनं आवाज ओळखला, पण उठली नाही. नंदकिशोरराव तिच्यापुढं उभे राहिले. शेजारचे चार लोक जमले होते. त्यांच्यासमोरच ते म्हणाले, "आजी, मी इथं येऊन सांगितलं होतं, की डॉक्टरबाईंना गाडी चालवता आली नाही म्हणून उशीर झाला. ते खोटं होतं. गाडीतच बिघाड होता. बाईंनी सगळं बरोबर केलं होतं."

रुपीबाईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "म्हस तं गेली, साहेब. म्हशी मरतेत. मले त्याचा राग नव्हता." मग ती पद्मजाबाईंकडे वळली. "बाई काहून येत नाही, आमच्यावर नाराज हाय का, हेच मी सगळ्याइले इचारत राह्यली."

पद्मजाबाईंचा चेहरा मला काचेतून दिसत होता. त्यांना वाटलं होतं, तांडा आपल्यावर नाराज आहे. तांड्याला वाटलं होतं, बाई नाराज आहेत. दोघीही वाट बघत बसल्या होत्या, एक इकडं, दुसरी तिकडं. पद्मजाबाई खाटेवर रुपीबाईशेजारी बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "आता किती जनावरं आहेत? चला, दाखवा मला."

परतताना घाटाच्या चढावर सैल मुरूम लागला. नंदकिशोररावांचा हात सवयीनं बटणाकडे गेला. अर्ध्यावर थांबला. त्यांनी तो परत घेतला आणि मांडीवर ठेवला. पद्मजाबाईंनी ते पाहिलं. त्यांनी मला थांबवलं आणि बटण स्वतः दाबलं.

आता आठवड्यातून तीनदा आम्ही डोंगरात जातो. नंदकिशोररावांचं शाल्मलीच्या सासरी सांगून झालं, फिरायच्या मित्रांनाही. मित्र हसले म्हणे, पण या वेळी नंदकिशोररावांवर. माझा रंग उडत चालला आहे, दारं करकरतात, आणि माझ्या वयाच्या गाड्यांना रस्त्यावर राहू द्यावं की नाही याबद्दल माणसांत बरीच चर्चा चालते, असं कानावर येतं. त्यांचं काय ठरायचं ते ठरो. माझं मागणं लहान आहे. सपाट अंगणात दिवा लागला, म्हणून नाल्यात रुतलेल्या कुणालाही खोटं ठरवू नका. त्याचं जिथं अडलं, तिथं एकदा स्वतः जाऊन पाहा.

तांड्यावर आज शेळ्यांना लस द्यायची आहे. पद्मजाबाई बॅग घेऊन पायऱ्या उतरतायत. मला निघायला हवं.